कर्तव्य आणि परिणाम

कृतीची योग्यता कशावर ठरवायची, याबाबत नीतिशास्त्रात दोन मोठे पक्ष आहेत. परिणामवादी फळाकडे पाहतो. बेंथम आणि मिल यांची कसोटी होती पुष्कळांचे पुष्कळ सुख. कर्तव्यवादी कृतीमागचा नियम पाहतो. इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये त्याची परीक्षा सांगितली: तोच नियम सर्वांनी पाळावा, अशी इच्छा आपल्याला धरता येते काय? परतफेडीचा विचार नसताना कर्ज मागणारा येथे नापास होतो. सगळेच तसे वागले तर शब्दावर कोणी पैसे देणारच नाही. हा तोट्याचा हिशेब नव्हे. नियम स्वतःचाच पाया काढून घेतो, असे कांटचे म्हणणे आहे.

खरा कस लागतो तो पेचात. मित्र घरात लपलेला आहे आणि मारेकरी दारात येऊन त्याचा ठावठिकाणा विचारतो. तेव्हाही खोटे बोलू नये, असे कांटने १७९७ च्या निबंधात बजावले. ‘तो घरी नाही’ असे सांगितले, मित्र खरोखरच नकळत बाहेर निसटलेला असला आणि वाटेत मारेकऱ्याला सापडला, तर दोष खोटे बोलणाऱ्याच्या माथी येतो. हे उत्तर पटणे अवघड आहे.

महाभारताच्या कर्णपर्वात याच पेचाला उलट उत्तर मिळते. सत्यव्रती कौशिक वनात लपलेल्या माणसांची जागा दरोडेखोरांना सांगतो. ती मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर तलवार उपसलेल्या अर्जुनाला कृष्ण ही गोष्ट सांगतो. पण म्हणून कृष्णाला परिणामवादी ठरवणे उतावीळपणाचे होईल. तो सुखाची बेरीज करत नाही. सत्य आणि अहिंसा समोरासमोर ठाकल्यावर कोणाला मान द्यायचा, ते सांगतो. कर्तव्ये एकमेकांशी भिडू शकतात आणि प्रसंग पाहून त्यांतले वजनदार निवडावे लागते, ही बाजू डब्ल्यू. डी. रॉस यांनी १९३० मध्ये पद्धतशीर मांडली.

१९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी परिणामवादाची उलटतपासणी केली. अमेरिकेतील एका शहरात ट्रामची परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली; तरीही त्याच्यावर खटला चालला. केवळ फळ मोजायचे तर त्यात गैर काय, हा टिळकांचा प्रश्न मर्मावर बोट ठेवतो. लाचेची चाल पडली तर अखेर सर्वांचेच नुकसान, असे परिणामवादी म्हणू शकतो. तेव्हा परिणामवादी आणि कर्तव्यवादी या दोघांचा निकाल एकच लागतो, कारणे मात्र वेगळी राहतात: एकाच्या लेखी लाच महाग पडते, दुसऱ्याच्या लेखी ती फायद्याची ठरली तरी निषिद्धच.