वेग चाकाचा, हात आपला

पटाशी हातात घ्या. ग्राइंडर अजून बंद आहे, बंदच राहू द्या. आधी श्वास संथ होऊ द्या.

पटाशीचं टोक खिडकीच्या उजेडाकडे धरा. धारेवर बारीक पांढरी रेघ चमकते का? नीट लागलेल्या धारेला जाडीच नसते, म्हणून ती उजेड परतवत नाही. जिथे चमक दिसते, तिथे कड गोल झाली आहे. आता करायचं ते एवढंच: ही रेघ नाहीशी करायची. त्यासाठी नवं काही आणायचं नाही. पाठ आणि उतार एकमेकांना भेटेपर्यंत मधलं पोलाद काढून टाकायचं.

आता चाक पाहा. ते बसवताना बोटावर लटकवून लाकडी मुठीनं हलकेच वाजवून घेतात. आवाज खणखणीत आला तर चाक निकोप, बद्द आला तर आत तडा. टेका आणि चाक यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चष्मा लावा, हातमोजे काढा, बाजूला उभे राहा आणि बटण दाबा. एक मिनिट चाक मोकळं फिरू द्या. या मिनिटात काहीही करू नका, फक्त आवाज ऐका.

१५० मिलिमीटरचं चाक मिनिटाला सुमारे २८५० फेरे घेतं. त्याचा काठ सेकंदाला २२ मीटर धावतो. एवढा वेग समोर असताना हातालाही घाई सुटते. ती ओळखा आणि जाऊ द्या. वेग चाकाकडे पुरेसा आहे. हातानं त्यात भर घालायची नाही.

पटाशी २५ अंशांवर टेकवा. दाबू नका, तिचं वजन पुरे. डावीकडून उजवीकडे न्या, उजवीकडून परत आणा. एका जागी थांबू नका. ठिणग्या उडतील, पण नजर धारेवरच असू द्या.

धारेपाशी पोलाद सर्वांत पातळ असतं. आलेली उष्णता पसरायला तिथे जागाच नसते. सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. ३०० अंशांजवळ निळा दिसला की तिथलं पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. कापण्याचं काम जिच्यावर, तीच कड सर्वांत कमी सोसू शकते. आपला सगळा सांभाळ तिच्यासाठी आहे. म्हणून रंगाची वाट पाहू नका. धारेजवळच्या बोटाला ऊब जाणवताच साध्या कार्बन पोलादाची पटाशी पाण्यात बुडवा. श्वास घ्या. पुन्हा टेकवा.

काही फेऱ्यांनंतर पाठीवरून धारेच्या बाहेर बोट न्या, धारेवरून लांबीला कधीच नाही. खरखरीत, बारीक कड बोटाला लागते का? ती पूर्ण रुंदीभर लागली, म्हणजे दोन्ही बाजू भेटल्या. इथे थांबा.

हे थांबणं अवघड असतं. ठिणग्यांत हात रमलेला असतो आणि आणखी एक फेरी घ्यावीशी वाटते. पण त्या फेरीत धार वाढत नाही, पटाशी तेवढी आखूड होते.

चाक बंद करा. गोल चाकानं उतार किंचित खोलगट केला आहे, त्यामुळे निसण्यावर तो दोनच रेषांवर टेकतो. दगडाला फार थोडं घासावं लागतं. खरखरीत कड गेली, पाठ सपाट लागली की काम झालं.

आता मऊ देवदाराच्या आडव्या छेदावर चालवून पाहा. बोथट धारेखाली त्याचे तंतू चुरगळतात, चांगल्या धारेखाली स्वच्छ कापले जातात. ही धारही कामात झिजेल. झिजू द्या, ती त्यासाठीच लावली आहे. दर वेळी पटाशीतून थोडं पोलाद जाणारच. ते गरजेपुरतंच जावं, एवढं आपल्या हातात आहे.