जाड काठी, बारीक काठी

कोकणात गरवायला जाणारा माणूस काठी निवडत बसत नाही. बांबूच्या बेटात जी सरळ दिसेल ती त्याची काठी. होडीतून गरवणाऱ्याला तर तीही लागत नाही. तो दोर बोटावरून सोडतो, आणि मासा लागला की बोटच त्याला सांगते.

अमेरिकेत खोल समुद्रात बोटीवरून मासे धरायच्या काठीला 'बोट रॉड' म्हणतात आणि ती निवडणे हे मुलाला शाळेत घालण्याइतके गंभीर काम आहे. माझा भाचा सॅन डिएगोला असतो. त्याच्याबरोबर एका दुकानात मी दोन तास उभा होतो, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतो. काठी साधारण साडेपाच ते सात फूट. बोटीवर दाटी असते. फार लांब काठी शेजाऱ्याच्या टोपीत अडकायची. फायबरग्लासची काठी जड, पण जुन्या कारकुनासारखी सोशिक. कार्बनची हलकी, मासा आमिष नुसते हुंगून गेला तरी हाताला वर्दी देणारी, पण कठड्यावर आपटली तर मोडणारी. शिवाय काठीवर पौंडांचे आकडे छापलेले असतात: २०, ३०, ५०, ८०. हे माशाचे वजन नव्हे. किती ताकदीचा दोर त्या काठीला चालेल, त्याचे हे माप.

भाचा बारीक काठीकडे झुकला. म्हणाला, "मामा, जाड काठीने काय, कोणीही ओढील. बारीक काठी घेतली म्हणजे माशालाही चान्स मिळतो ना!"

हा 'चान्स' तिथे फार जुना आहे. त्याच किनाऱ्यासमोरच्या सांता कॅटालिना बेटावर चार्ल्स होल्डर नावाच्या गृहस्थाने १८९८ साली १८३ पौंडांचा ट्यूना काठीने धरला आणि त्याच वर्षी 'ट्यूना क्लब' काढला. लोक जाड हातदोरांनी ढिगाने मासे ओढत होते. होल्डरला ते सभ्य माणसाला शोभणारे वाटेना. दोर बारीक ठेवा, म्हणजे झुंज बरोबरीची होईल, असे त्याचे म्हणणे. पुढे १९३९ साली इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन निघाली आणि नियमांची पोथीच झाली. झुंज चालू असताना दुसऱ्याने काठीला हात लावला, विक्रम बाद. काठी मोडून ठरल्यापेक्षा आखूड झाली, तरी बाद.

नियम चोख आहेत. फक्त ते माशाला कोणी वाचून दाखवलेले नाहीत. कुस्तीत दोन्ही पैलवान आपल्या पायांनी आखाड्यात येतात, आणि हरलेला घरी जाऊन दूध पितो. इथे एक गडी न्याहारीसाठी म्हणून आलेला असतो! हा न्याय माणसामाणसांतला आहे. अमक्याचा विक्रम तमक्यापेक्षा मोठा की लहान, एवढेच तो ठरवतो. त्यात मासा म्हणजे फूटपट्टी.

आता चान्सचा हिशेब माशाच्या बाजूने मांडा. जाड काठीने जे प्रकरण झटपट मिटते, तेच बारीक काठीने लांबत जाते. तेवढा वेळ मासा झटतो, दमतो, त्याच्या अंगात आम्ल साठते. मग सोडून दिला तरी कधी कधी सावरत नाही. आपला उदारपणा त्याच्या लेखी कोर्टातली तारीख पे तारीख. त्यातून दोन-तीनशे फुटांवरचा रॉकफिश असला तर विचारूच नका. दर ३३ फुटांना एका वातावरणाइतका दाब उतरतो, पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात. सोडला तर बिचारा पाण्यावर तरंगत राहतो. त्याला वजन लावून पुन्हा खोल पोचवण्याची साधने असतात, ती लोक वापरतात. या रॉकफिशांतल्या काही जाती शंभरी ओलांडतात. म्हणजे आपण कुणाच्या तरी पणजोबांना चान्स देत असतो.

तुम्ही म्हणाल, एवढा कळवळा आहे, तर सुरमईचे काय? सुरमई मी खातो. तुकडी मोठी असली तर अधिक आनंदाने खातो. पण खाणे वेगळे आणि खेळणे वेगळे. आमचे कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. मासळीशी बरोबरीचा सामना खेळल्याचा आव आणत नाहीत. पोटासाठी घेतो, हे त्यांनाही ठाऊक आणि समुद्रालाही.

होल्डरचे एक मात्र खरे. बारीक दोराने हाव आवरते. पण हाव आवरायला दोरच कशाला हवा? घरच्यांपुरते दोन मासे झाले की काठी ठेवून द्यावी आणि समुद्र बघत बसावे. त्याला पौंडांचे माप लागत नाही.

म्हणून माझे मत जाड काठीला. घ्यायचा तर चटकन घ्यावा, आणि त्याला उपकाराचे नाव देऊ नये. भाच्याला हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "मग मामा, मजा काय राहिली?"

प्रश्न बिनतोड आहे. मजा कुणाची, एवढे आधी ठरवावे. काठी मग आपोआप ठरते.