जायफळाच्या टेकडीवरची वाटणी

सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात डक्स्टन नावाची छोटी टेकडी आहे. आज तिथे जुनी दुकानघरं आहेत आणि शेजारी ५० मजली सात इमारतींची सरकारी वसाहत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इथे जायफळाचा मळा होता. मालक होते ईस्ट इंडिया कंपनीचे एक शल्यवैद्य, डॉक्टर मॉन्टगोमेरी. आपल्या श्रीखंडात चिमूटभर पडणाऱ्या या फळाला तेव्हा एवढा भाव होता, की सिंगापूरच्या कित्येक टेकड्या या एकाच झाडाने भरून गेल्या. जायफळ लावून पहिलं फळ हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. झाड नर की मादी, हे फुलोऱ्याशिवाय कळत नाही. इतकी वाट पाहून उभे राहिलेले मळे १८५०च्या दशकात रोगाने उजाड होऊ लागले. १८५६ मध्ये मॉन्टगोमेरी वारले आणि पुढे जमिनीचे तुकडे पडले. मालकाचं नाव इतिहासात राहिलं. भर उन्हात तिथे खड्डे खणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट मला फार लागते.

त्याच शहरात २००५ पासून ‘कम्युनिटी इन ब्लूम’ या सरकारी योजनेतून शेजाऱ्यांनी मिळून करायच्या बागा वाढल्या; आज त्या दोन हजारांहून अधिक आहेत. इमारतींच्या तळाशी चार वाफे, त्यात भेंडी, मिरची, सुवासिक पानांचं पांदान, कढीपत्ता. कुंपणावर गोकर्ण चढलेला. आपण त्याची निळी फुलं महादेवाला वाहतो. तांजोंग पगारच्या आसपास पूर्वापार राहणाऱ्या पेरानाकान, म्हणजे चिनी-मलय मिश्र परंपरेच्या, घरांत त्याच फुलांनी भाताला निळा रंग देतात. एका वेलीपाशी दोन बायकांचं बोलणं सुरू व्हायला एवढं पुरतं.

पण बाग सुरू करताना सगळा उत्साह बियाणं, माती, कुंड्या यांतच खर्च होतो. पिकलेलं कोणाचं, हा प्रश्न पहिली भेंडी लागल्यावर उठतो, आणि मग वाफ्याला कुलूप लागतं. जो रोज पाणी घालतो त्याचा हक्क मोठा, हे मला मान्य आहे. तरी जमीन सगळ्यांची असेल, तर गुडघे दुखतात म्हणून खाली बसू न शकणाऱ्या आजींनाही चार मिरच्या तोडता आल्या पाहिजेत. नाहीतर मळ्याचा मालक एक होता, त्याचे दहा झाले, एवढाच फरक!

हक्कासारखीच जबाबदारीही वाटून घ्यावी लागते. कुंडीखालच्या बशीत साचलेलं पाणी आठवडाभर तसंच राहिलं, तर त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि ते कुंडी कोणाची हे पाहून चावत नाहीत. म्हणून सिंगापुरात बशी उपडी करणं हा बागेचा पहिला धडा.

आपल्याकडेही अशा वाटून घेतलेल्या कामाचं चांगलं उदाहरण आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती तयार करून बाग उभी केली. मागे विचार होता शेतीचे प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चा: शिकलेलं स्वतःपाशी ठेवायचं नाही, शेजाऱ्याला द्यायचं. उपाहारगृहातले कामगारच या बागेचे माळी झाले. ज्यांनी भाजी चिरली, त्यांनीच तिच्या सालींची माती केली.

गावाकडचा जुना वाडा, बंद पडलेला मळा किंवा सोसायटीची मागची जागा जर तुम्ही बागेसाठी मोकळी करत असाल, तर कुदळ मारण्याआधी दोन कामं करा. त्या जमिनीत पूर्वी कोण राबलं, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि सापडतील ती नावं फाटकावर लिहा. दुसरं म्हणजे, एक वाफा असा ठेवा, ज्यातलं कोणीही न विचारता तोडावं.