गळती आणि ताटली



आमच्याकडे एक जुनी पद्मिनी आहे. मुंबईत कुर्ल्याला बनणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षे उलटली. नागपूरच्या रस्त्यांवर एकटे निघालो की ती मागून उसळते. चार माणसे बसली की शांत चालते. मिस्त्री म्हणाला, "फादर, मागे पोलादी पट्ट्यांच्या कमानी आहेत, ओझे वाहायलाच केलेल्या. तो तिचा स्वभाव. ऑइल गळते, तो दोष."

त्या गळतीखाली आम्ही वर्षभर ताटली ठेवली. फरशी स्वच्छ राहिली, इंजिन कोरडे पडत गेले.

आपणही आपल्या उतावीळ किंवा भिडस्त स्वभावाची खंत करतो. भावाबद्दलचा जुना राग मात्र झाकून ठेवतो. स्वभाव देवाची देणगी आहे. एकमेकांचा भार उचलण्याविषयी संत पौल गलतीकरांस लिहितो, तसा दुसऱ्याचा भार घेतला की तो स्थिरावतो. पाप तसे नव्हे. ते उघडून दाखवल्याशिवाय दुरुस्त होत नाही.

या आठवड्यात पापनिवेदनाला या. आम्हीही दुसऱ्या धर्मगुरूंकडे जाणार आहोत. ताटली तेवढी घरी ठेवून या.

प्रभू येशूमध्ये आपला,
धर्मगुरू