ऑपरेशन कुणाचं?

१९७१च्या जुलैत केरळातल्या एर्नाकुलमला एक शिबिर भरलं. महिनाभरात तिथे सुमारे ६३ हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या जवळजवळ सगळ्या पुरुषांच्या होत्या. जिल्हाधिकारी एस. कृष्णकुमार यांनी शिबिराला जत्रेचं रूप दिलं होतं. येणाऱ्याला रोख रक्कम आणि भेटवस्तू मिळत. हातावर पोट असलेल्याला हा मोबदला मोठाच होता, त्यामुळे ती सगळी गर्दी निव्वळ राजीखुशीची होती असं म्हणता येणार नाही. पण पोलीस पाठवून कुणाला आणलेलं नव्हतं. त्याच काळात मुंबईत डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने महापालिकेने थेट रेल्वे स्थानकांवर नसबंदीची सोय केली होती.

आपल्याकडचा पुरुष या ऑपरेशनला तयारच होत नाही, असं आज छातीठोकपणे सांगितलं जातं. पण साठच्या दशकात देशातल्या बहुतांश नसबंदी शस्त्रक्रिया पुरुषांच्याच होत होत्या.

आजचं चित्र पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) दिसतं. विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी हे ऑपरेशन करून घेतलं आहे.

खरं तर दोन्हींत सोपं ऑपरेशन पुरुषाचं. त्याच्या शुक्रवाहिन्या वृषणकोशाच्या त्वचेखाली, हाताला लागतील अशा असतात. चीनमधल्या डॉ. ली शुनच्यांग यांनी १९७४मध्ये बिनटाक्याची पद्धत शोधली. जागेवरच भूल देऊन एक बारीक छिद्र पाडायचं, दोन्ही नळ्या बंद करायच्या. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. बाईच्या बाबतीत मात्र पोटात शिरावं लागतं. पुरुषाला एक गोष्ट नीट समजावून सांगायला हवी: ऑपरेशन झालं म्हणजे लगेच निर्धास्त होता येत नाही. साधारण तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. नळ्या पुन्हा जोडता येतात, पण मूल होईलच याची हमी नसते. म्हणून हा निर्णय कायमचा समजूनच घ्यायचा.

‘कमजोरी येते’ ही भीती गावोगाव ऐकू येते. पुरुषी संप्रेरक वृषणातून थेट रक्तात जातं, या नळ्यांतून नाही. वीर्याचा बहुतेक भागही इतर ग्रंथींतून येतो. त्यामुळे इच्छा आणि ताकद जिथल्या तिथे राहते. तरी घरातली मोठी माणसं म्हणतात, कमावत्या माणसाला काही झालं तर? बायकोही म्हणते, त्यांना नको, माझंच करा. तीच बाई पुढे पाण्याचे हंडे वाहते, ऊसतोडीला जाते, आणि तिच्या विश्रांतीचा हिशेब कुणी करत नाही.

या भीतीचं एक मूळ मात्र खरं आहे आणि त्याची टिंगल करू नये. आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या. हरियाणातल्या उटावड गावाला पोलिसांनी वेढा घालून पुरुषांना उचलून नेलं. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते अमलात आलं नाही. १९७७च्या निवडणुकीत उत्तर भारताने या जुलमाचा जाब मतपेटीतून विचारला. त्यानंतर पुरुषाच्या वाटेला जाणं बहुतेक सरकारांनी टाळलं. उद्दिष्टांचे आकडे मात्र राहिले आणि ते बायकांकडून पुरे होऊ लागले.

नोव्हेंबर २०१४मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली गेली. त्या आणि जवळच्या शिबिरांतल्या मिळून १३ जणी दगावल्या. त्यापायी सरकार पडलं नाही. २०१६मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं, ते मोलाचं आहे. पण बाईच का, हा प्रश्न त्यानेही सुटत नाही.

पुन्हा सक्ती करून तर तो मुळीच सुटणार नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये मध्य प्रदेशात एकाही पुरुषाला तयार न करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचा आदेश निघाला आणि गदारोळ होताच मागे घ्यावा लागला. उलट भूतान, ब्रिटन, कॅनडा, न्यूझीलंड इथे पुरुष नसबंदी सक्तीशिवाय रुळली आहे.

गर्भनिरोधन हा बायकांचा प्रांत आहे, हे पाचव्या पाहणीत सुमारे ३५ टक्के पुरुषांनी मान्य केलं. याचा अर्थ, बरेचसे पुरुष तसं मानत नाहीत. पण त्यांना विचारायचं कधी? आपल्याकडे हा निर्णय बहुधा दुसऱ्या बाळंतपणानंतर, बाई खाटेवर असताना होतो. नवरा सही करायला येतो. त्याऐवजी सातव्या महिन्याच्या तपासणीला दोघांना एकत्र बसवून दोन्ही ऑपरेशनं शेजारीशेजारी समजावून सांगता येतील. नवऱ्याशी बोलायला पुरुष आरोग्यसेवक हवा, कारण आशाताईंपाशी तो मोकळा होत नाही. बिनटाक्याचं ऑपरेशन करणारा डॉक्टर तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी भेटायला हवा. आणि हे सगळं ऐकून त्याने नाही म्हटलं, तर तो नकारही मानायला हवा. फक्त त्यानंतर बायकोचं नाव आपोआप यादीत चढता कामा नये.