यानदोष आणि मुरमाची वाट

तीर्थयात्रा पायी करावी, वाहनाने केल्यास तिचे फळ उणावते किंवा साफ बुडते, हे मत धर्मशास्त्रात जुने आहे. वाहनामुळे यात्रेला येणाऱ्या या उणेपणाला येथे सोयीसाठी यानदोष म्हटले आहे. मत्स्यपुराणातील प्रयागमाहात्म्यात, म्हणजे मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला प्रयागाची थोरवी सांगतात त्या भागात, दोन निषेध एकापाठोपाठ येतात. बैलावर बसून प्रयागाला जाणारा घोर नरकात पडतो आणि त्याने दिलेले पाणी त्याचे पितर स्वीकारत नाहीत, हा पहिला. आणि ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो त्याची यात्रा निष्फळ ठरते, हा दुसरा. विखुरलेली स्मृति-पुराणवचने विषयवार जमवून त्यांचा मेळ घालणाऱ्या पंडितांना निबंधकार म्हणतात. त्यांनी उद्धृत केलेले आणखी एक वचन तर असा हिशेबच मांडते की वाहन अर्धे पुण्य हरण करते आणि छत्री व पादत्राणे त्याच्या निम्मे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात तीर्थयात्रेच्या नियमांचा विस्ताराने परामर्श घेतलेला आहे. या वचनांच्या काळी जे वाहन अस्तित्वातच नव्हते, त्या सायकलीला यानदोष लागतो का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी यात्रेत पुण्य नेमके कशाचे असते, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक टोक आहे.

निषेधाची कारणे पाहिल्याशिवाय निषेधाची व्याप्ती ठरत नाही, आणि सुदैवाने ती कारणे वचनांतच सापडतात. बैलाच्या बाबतीत पुराण गाईबैलांच्या दारुण कोपाचा उल्लेख करते. म्हणजे दोष वेगाचा किंवा सुखाचा नसून दुसऱ्या जिवाच्या पाठीवर आपले पुण्य लादण्याचा आहे, आणि पितरांनी पाणी नाकारणे ही शिक्षा त्या अपराधाला साजेशी आहे, कारण मुक्या जनावराला तहानेने व्याकूळ करून तीर्थापर्यंत पोहोचलेल्याला तर्पणाचा अधिकार उरत नाही. दुसऱ्या वचनात दोष वाहनाला नसून ते वापरण्यामागील श्रीमंतीच्या दिमाखाला आहे. सायकलीवर यांपैकी कोणताच आरोप सरळ ठेवता येत नाही. ती स्वाराच्याच पायांनी चालते, चढ आला की त्याच्याच मांड्या भरून येतात आणि छातीचा भाता होतो. साधी सायकल तर भारतात गेली अनेक दशके दूधवाल्याचे, पोस्टमनचे आणि गिरणीकामगाराचे वाहन राहिलेली आहे.

चेन्नईच्या पश्चिमेचे अंबत्तूर हे उपनगर या साध्या सायकलीच्या इतिहासात महत्त्वाचे आहे. मुरुगप्पा घराण्याने ब्रिटनच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सच्या सहकार्याने 1949 मध्ये उभारलेल्या टी. आय. सायकल्सचा कारखाना येथेच होता, आणि हर्क्युलस व बीएसए ही महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही घरोघरी ठाऊक असलेली नावे याच उद्योगाची. अलीकडे मात्र सायकलीचा एक निराळा प्रकार रूढ झाला आहे, ज्याला ग्रॅव्हल सायकल म्हणतात: खाली वळलेले हँडल, साधारण 35 ते 50 मिलिमीटर रुंदीचे टायर, चढासाठी हलके गिअर, आणि डांबर सोडून खडी-मुरमाच्या, मोटारी नसलेल्या वाटांनी दूरवर जाण्याचा हेतू.

अंबत्तूर स्वतः सपाट आहे, त्यामुळे तेथील स्वाराला डोंगर हवा असेल तर रेड हिल्सवरून उत्तुकोट्टै आणि तेथून आंध्र प्रदेशाची हद्द ओलांडून, 70 किलोमीटरच्या आसपास असलेल्या नागलापुरमच्या टेकड्यांकडे जावे लागते. या मुलखाशी मराठी वाचकाचे एक नाते आहे, जे सहसा ध्यानात येत नाही: तेलुगू गंगा प्रकल्पातून पूंडी जलाशयाकडे येणारे पाणी कृष्णेचे आहे आणि चेन्नईसाठी ठरलेल्या 15 टीएमसी पाण्यात महाराष्ट्राचा वाटा 5 टीएमसी आहे. नागलापुरम हे गाव कृष्णदेवरायाने आपल्या आईच्या, नागलेच्या, नावाने वसवले असे मानतात, आणि तेथील वेदनारायण मंदिरात विष्णूची उपासना मत्स्यावताराच्या रूपात होते. बैलस्वाराला शाप देणारे पुराण ज्या अवताराच्या तोंडून प्रकटले अशी श्रद्धा आहे, त्याच्याच दारी सायकलस्वार पोहोचतो. तेव्हा त्याच्या यात्रेची परीक्षा घ्यायला याहून योग्य स्थळ शोधूनही सापडणार नाही.

सायकलीविरुद्धचा खरा आक्षेप पुराणांतून येत नाही, तो जैन आचारातून येतो. जैन मुनी कोणतेही वाहन वापरत नाहीत, आणि चालतानाही ईर्यासमिती पाळतात. ईर्यासमिती म्हणजे पुढची सुमारे चार हात जमीन नजरेने तपासून, कोणताही जीव पायाखाली येणार नाही अशा बेताने टाकलेले पाऊल. या कसोटीला श्रम स्वतःचे आहेत एवढे उत्तर पुरत नाही. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक अंतर तोडते, म्हणजे चार हात जमीन अर्ध्या सेकंदाच्या आत चाकाखाली जाते आणि मुंगी दिसली तरी चाक थांबत नाही. डांबरी उतारावर हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे. मुरमाच्या चढावर मात्र स्थिती पालटते. सुटी खडी चाकाखालून सरकते, एकदम ब्रेक दाबला तर मागचे चाक घसरते, म्हणून स्वाराला वेग आपसूक उतरवावा लागतो, नजर पुढच्या दगडावर आणि चाकोरीच्या कडेवर रोवावी लागते, आणि चढ कडक झाला तर उतरून सायकल हाताने ढकलावी लागते. जी सावधता मुनी व्रत म्हणून पत्करतो, तिच्यातला काही अंश ही वाट स्वाराकडून बळेच वसूल करते. मुनीची अहिंसा यामुळे साधत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण गृहस्थाच्या मर्यादेत हा फरक मोलाचा आहे, आणि तो सायकलीने नव्हे, रस्त्याने घडवलेला आहे.

मुरमाच्या वाटेवर मोटारींचा अभाव म्हणजे माणसांचा अभाव नव्हे, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. महानुभाव पंथात अटन, म्हणजे कोठेही न गुंतता फिरणे, आणि विजन, म्हणजे लोकांपासून दूर एकांतात ईश्वरस्मरणात बसणे, हे साधकाच्या नित्याचाराचे भाग आहेत. याउलट वारकऱ्याची वाट दिवेघाटातही लाखोंनी भरलेली असते आणि तरीही ती त्याच्यासाठी साधनेची वाट असते. मोटारींचा रस्ता या दोहोंना पारखा असतो, कारण तेथे सारे लक्ष जीव वाचवण्यात खर्च होते.

अशी वाट हवी असणाऱ्याने ती कोणाची आहे हे विसरता कामा नये. महाराष्ट्रात दोन शेतांच्या मधून जाणारा पाणंद रस्ता पावसाळ्यात चिखलाने बंद पडला की ऊस फडातच अडकतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येत नाही, आणि म्हणूनच 2021 मध्ये राज्य शासनाला शेत व पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणावी लागली. आपल्या एकांतासाठी तो रस्ता कच्चाच राहावा अशी इच्छा धरणे म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर पुण्य मिळवणे, आणि मत्स्यपुराणाने बैलस्वारावर ठेवलेला दोष तो हाच.

तेव्हा निर्णय असा: स्वतःच्या पायांनी, मुरमाच्या वाटेने, गुरे-माणसे समोर येताच खाली उतरून केलेल्या सायकलयात्रेला यानदोष लागत नाही. मोटर जोडलेल्या सायकलीला ही सवलत धडधाकट स्वाराच्या बाबतीत मिळत नाही. वृद्ध आणि आजारी यांना मात्र तीही वर्ज्य नाही, कारण मूळ वचनाचा रोख लोभ-मोहावर आहे, असमर्थतेवर नाही.