सोपवलेला कारभार



अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मतदारांनी आपणच निवडलेल्या शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मुदतीपूर्वी पदावरून दूर केले. कोविडकाळात शाळा बंद असताना मंडळ ४४ शाळांची नावे बदलण्यात गुंतले, हा पालकांचा एक मोठा रोष होता.

पद ही मालकी नव्हे, सोपवलेला कारभार आहे. तो परत घेणे म्हणजे अन्याय नव्हे. पण प्रभूने सांगितलेला अंजिराच्या झाडाचा दाखला आठवा. माळ्याने आणखी एक वर्ष मागितले ते नुसते थांबण्यासाठी नव्हे, तर भोवती खणून खत घालण्यासाठी.

आपण पालकसभेला जातो का? चुकणाऱ्याला वेळीच, प्रेमाने सांगतो का? कुऱ्हाड उचलण्यापूर्वी हे स्वतःला विचारू या.

तुमचा प्रमुख धर्मगुरू